टिफ्रॅकपासून सानगडीच्या मोबाईलपर्यंत : कॉम्प्युटर शिकण्याची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग इतिहासाचा आहे. सानगडीत बसून ऐकणाऱ्यांना वाटेल, आता आपल्या किल्ल्याची गोष्ट येणार. ती पुन्हा कधीतरी. आज गोष्ट कॉम्प्युटर शिकण्याची. प्रश्न साधा आहे. साकोली तालुक्यातल्या एखाद्या पोराला किंवा पोरीला कॉम्प्युटर शिकायचा असेल, तर आधी किती दूर जावं लागायचं? आणि आता कुठेच जावं लागत नाही, तर मग सगळेच शिकले का?

सुरुवात १९६० पासून करू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ नावाचा कॉम्प्युटर तयार झाला. भारतात बनलेला, खोलीभर पसरलेला. त्याला हात कोण लावायचं? तिथले शास्त्रज्ञ आणि निवडक संशोधक. भंडारा जिल्ह्यातल्या मुलाने त्याचं नाव ऐकलं असतं तरी खूप झालं.

पुढचा टप्पा पुण्याचा. १९८८ मध्ये तिथे सी-डॅक सुरू झालं आणि १९९१ मध्ये ‘परम’ हा सुपरकॉम्प्युटर आला. त्या कामाचं नेतृत्व केलं विजय भटकर यांनी. ते आपल्या विदर्भातले, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. म्हणजे गावातला मुलगा कॉम्प्युटरपर्यंत पोचू शकत होता, पण त्यासाठी गाव सोडावं लागत होतं.

मग १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं. पण कुठे? आधी मोठ्या शहरांत, आणि तेही टेलिफोनच्या तारेवरून, कुर्रकुर्र आवाज करत.

या सगळ्या काळात तालुक्याच्या गावी काय होतं? टायपिंगचा क्लास! मराठी ३०, इंग्रजी ४०, म्हणजे मिनिटाला तितके शब्द. लाकडी बाक, खडखडणारी मशीन आणि रोजचा ठरलेला तास. या क्लासची एक गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे : दुसऱ्याचं टायपिंग बघून कुणी पास झालं नाही.

खरा बदल झाला २००१ मध्ये. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी कोर्स आला. याची रचना हुशार होती. सरकारने गावोगावी इमारती बांधल्या नाहीत. स्थानिक माणसाने जागा आणि कॉम्प्युटर घालून केंद्र चालवायचं, अभ्यासक्रम आणि परीक्षेची व्यवस्था वरून यायची. शिकायला मराठीही चालत होतं. शिवाय सरकारी नोकरीसाठी हे प्रमाणपत्र मागितलं जाऊ लागलं, त्यामुळे गर्दी झाली. सायकलने, एसटीने, मिळेल त्या गाडीने मुलं-मुली केंद्रावर जाऊ लागली.

आता खरं बोलू. बरेच जण कागदासाठीच गेले. अर्जाला झेरॉक्स जोडली की काम झालं. तरीही त्या महिन्यांत एक गोष्ट घडायची : माऊस हातात यायचा. फाईल सेव्ह केली नाही तर ती जाते, हे स्वतःच्या चुकीतून कळायचं.

मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि २०१७ मध्ये केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ सुरू झालं. आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट शिकायचे, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी भरायची. जे एकेकाळी मुंबईत बंद खोलीत होतं, ते रोवणीच्या दिवसात बांधावर उभं राहूनही बघता येऊ लागलं. अंतर संपलं!

पण इथेच गंमत आहे. अंतर संपलं तसा कीबोर्डही सुटला. टायपिंगच्या क्लासात मशीन होती, एमएस-सीआयटीला कॉम्प्युटर होता. मोबाईलवर मात्र आपण बघतो. पायथॉनचे चाळीस व्हिडिओ बघितलेला मुलगा ‘मला येतं’ म्हणतो, आणि दहा ओळी लिहायला सांगितल्या की अडतो. तो आळशी नाही. त्याचे हात चाललेच नाहीत, इतकंच.

आपला जिल्हा तलावांचा. कोहळी समाजाने बांधलेले तलाव, आपले मामा तलाव, आपण रोज बघतो. तलाव भरला म्हणून धान पिकत नाही. पाट काढून पाणी बांधीपर्यंत न्यावं लागतं. इंटरनेट हा भरलेला तलाव आहे. पाट आपल्यालाच काढायचा आहे.

कसा? आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ची पद्धत बघा. छोटे व्हिडिओ, अनेक मराठीतही. नियम एकच : थोडं बघा, थांबवा, तेच स्वतः करा, मग पुढे जा. लिब्रेऑफिस, लिनक्स, पायथॉन असं बरंच तिथे आहे, तेही मोफत. घरी कॉम्प्युटर नसेल तर मोबाईलच्या ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडून पायथॉन चालवता येतं. छोट्या स्क्रीनवर त्रास होतो, पण हात चालतात. आणि आठवड्यातून दोन तास शाळेत, कॉलेजात किंवा ओळखीच्या केंद्रावर कॉम्प्युटर मिळत असेल, तर तो वेळ व्हिडिओ बघण्यात घालवू नका. बघायचं ते घरी मोबाईलवर बघा, तिथे फक्त करा.

टिफ्रॅकपर्यंत आपल्या आजोबांना पोचता आलं नसतं. आपल्यासाठी रस्ता उरलाच नाही, सगळं खिशात आहे. म्हणून आता ‘सोय नव्हती’ हे कारण पूर्वीइतकं चालणार नाही. पण ‘सगळं मोबाईलवर आहे, मग शिकत का नाहीस?’ असं म्हणणाऱ्यांनाही सांगा, घरात एक कीबोर्ड आणून द्या.

तर आज एवढंच करा. हा भाग संपला की लगेच पुढचा लावू नका. दहा ओळी लिहा. चुकल्या तरी चालेल. भेटू पुढच्या भागात!