हप्ता उभा राहत नाही

नरसी नामदेवच्या थांब्यावर मी सवयीने टॅक्सीचं ॲप उघडलं. नकाशात कयाधू नदी दिसली, गाडी एकही नाही. इथून हिंगोलीला जायचं तर काळीपिवळी जीप, आणि ती भरली की निघते. तोवर चालकमामांशी गप्पा झाल्या. बॅटरीवरची गाडी घ्याल का, असं विचारलं.

‘‘घेऊ की. पण चार्जिंगला गाडी उभी ऱ्हायली तर हप्ता थोडाच उभा ऱ्हातोय?’’

मला नागपूर आठवलं. २६ मे २०१७ रोजी ओला आणि महिंद्राने तिथे सुमारे २०० इलेक्ट्रिक गाड्यांचा ताफा उतरवला. मुख्यमंत्री फडणवीस आणि केंद्रीय मंत्री गडकरी हजर होते. मोठी बातमी झाली. पण वर्षभरातच तक्रारी सुरू झाल्या. चार्जिंगची ठिकाणं मोजकी, रांग तासन्‌तास. विदर्भाच्या उन्हात एसी लावला की बॅटरी लवकर उतरायची. रांगेतला प्रत्येक तास चालकाच्या कमाईतून जात होता. काहींनी गाड्या परत केल्या. पर्यावरणाचं महत्त्व त्यांना कळत नव्हतं असं नाही. हिशेब जुळत नव्हता.

आता ११० वर्षं मागे जाऊ. मुंबईत १८७४ पासून ट्राम घोडे ओढत होते. ७ मे १९०७ रोजी पहिली विजेची ट्राम धावली. तेव्हा चालकांना कुणी समजावत, सवलती देत बसलं नाही. ट्राम कंपनीची, वीजही त्याच कंपनीची. आजची ‘बेस्ट’ तिच्यातूनच आली. चालक पगारी. वीज डोक्यावरच्या तारेतून मिळायची. ती शोधत त्याला कुठे जावं लागत नव्हतं.

फरक इथेच आहे. १९०७ मध्ये बदलाचा खर्च आणि धोका कंपनीने उचलला. २०१७ मध्ये गाडी नवी आली, पण वाट पाहण्याचा भुर्दंड चालकाच्या खिशावर पडला.

महाराष्ट्राने २०१८, २०२१ आणि २०२५ मध्ये इलेक्ट्रिक वाहन धोरणं आणली. खरेदीवर सवलत मिळाली, काही मार्गांवर टोलमाफीही. त्याने गाडी स्वस्त होते. वाया जाणारा तास मात्र परत मिळत नाही.

गंमत म्हणजे तो तास नरसीत आधीच पडून आहे. शहरातल्या टॅक्सीचं पोट पळण्यावर चालतं. इथली जीप सीटं भरेपर्यंत उभीच असते. चार्जर थांब्यावरच असेल, तर उभं राहणं हेच चार्जिंग होईल. आषाढ वद्य एकादशीच्या परतवारीला इथे गाड्यांची रीघ लागते, त्या दिवशी एक चार्जर पुरणार नाही. पण उरलेल्या दिवसांचं गणित सुटू शकतं.

शेवटचं सीट भरलं. मामांनी चावी फिरवली. डिझेलचा धूर मागे सोडत आम्ही हिंगोलीकडे निघालो.