हिमालयातील बर्फ, ध्रुवाकडील बर्फ आणि श्रीवर्धनचा पाऊस

१/ श्रीवर्धन म्हटले की इतिहासाच्या अभ्यासकाला बाळाजी विश्वनाथ भट आठवतात आणि बागायतदाराला रोठा सुपारी. बर्फाशी या गावाचा संबंध काय? मात्र येथील वाड्यांच्या विहिरी ज्या पावसाने भरतात, त्याचा अंदाज हिमालयातील बर्फावरून बांधण्याचा प्रयत्न सुमारे १४० वर्षांपूर्वी झाला.

२/ या प्रयत्नामागे दुष्काळ होता. १८७६ मध्ये दख्खनेत पाऊस फसला, १८७७ मध्ये उत्तर भारतात. लक्षावधी माणसे दगावली. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला: असे संकट आधी ओळखता येईल का?

३/ १८८४ मध्ये त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या इतिवृत्तात उत्तर मांडले. हिमालयात बर्फ अधिक आणि उशिरापर्यंत पडला, तर त्या वर्षी भारतात कोरडे वारे वाहून अवर्षणाचा संभव वाढतो.

४/ कारण असे: शुभ्र बर्फ सूर्यप्रकाश परतवतो आणि उरलेली उष्णता तो वितळण्यात खर्ची पडते. त्यामुळे भूमी उशिरा तापते, समुद्र आणि जमीन यांच्यातील तापमानाचा फरक कमी राहतो व नैर्ऋत्य मोसमी वारे क्षीण होतात.

५/ हा बर्फ येतो कोठून? हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने पूर्वेकडे सरकणारे पश्चिमी झंझावात बाष्प घेऊन येतात आणि ते हिमालयाच्या उंचीवर बर्फ होऊन पडते.

६/ ४ जून १८८६ रोजी पहिला नियमित मोसमी अंदाज प्रसिद्ध झाला. पण १८९९ मध्ये ब्लॅनफर्ड यांचे उत्तराधिकारी जॉन एलियट यांनी चांगल्या पावसाचे भाकीत केले आणि प्रत्यक्षात भीषण अवर्षण पडले. १९०४ मध्ये आलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी मग जगभरच्या वायुदाबाच्या नोंदी तपासल्या. पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरील दाबाचा झोका, म्हणजे ‘दक्षिणी आंदोलन’, त्यातूनच उमगले.

७/ त्याच काळात उत्तर ध्रुवाकडील बर्फाचाही अभ्यास चालला होता. नॉर्वेचे फ्रित्योफ नान्सेन यांनी १८९३ ते १८९६ या काळात ‘फ्राम’ जहाज मुद्दाम बर्फात अडकवून त्यासोबत वाहू दिले. बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ न जाता २० ते ४० अंश उजवीकडे सरकतो, असे त्यांना आढळले. पृथ्वीच्या परिवलनाचा हा परिणाम होय.

८/ हे दोन धागे गोव्यात जुळतात. वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या संशोधकांनी २०२१ मध्ये एक संबंध दाखवला: उन्हाळ्यात कारा समुद्रावरील बर्फ घटला, तर वरच्या हवेतील प्रवाह पार आशियापर्यंत बदलतात. अरबी समुद्र तेव्हा उबदार असेल, तर मोसमाच्या अखेरीस अतिवृष्टीला पोषक स्थिती निर्माण होऊ शकते.

९/ कोकणाला या ‘अखेरीस’चा अर्थ सांगावा लागत नाही. तेव्हा हळवा भात कापणीला आलेला असतो आणि रेंगाळलेल्या पावसात सुपारीवर कोळेरोग बळावतो. ब्लॅनफर्ड यांना चिंता होती पाऊस न येण्याची. आज ती अवेळी कोसळण्याचीही आहे. आणि १८९९ चा धडा कायम आहे: बर्फ ही एक खूण आहे, तेवढ्या एका खुणेवर वर्षाचा हिशेब मांडता येत नाही.