वैलावरचे भांडे

गेल्या नाताळापूर्वी दहिसर पश्चिमेच्या एका इमारतीत घराच्या आशीर्वादासाठी आम्हांस बोलावणे आले होते. प्रार्थना झाली, खोल्याखोल्यांतून पवित्र पाणी शिंपडून झाले आणि शेवटी आम्ही स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर विजेचे एक लांबट भांडे काचेच्या झाकणाखाली मधूनच एखादा बुडबुडा सोडीत स्वस्थ बसले होते. आत लालसर कालवणात खिम्याचे गोळे. घरच्या सुनेने सकाळी निघण्यापूर्वी ते लावले होते आणि दिवसभर चर्चगेटच्या कचेरीत काम करून ती आता कुठे परतली होती.

घरच्या आजीबाई ऐंशीच्या पुढे. त्यांनी त्या भांड्याकडे बोट दाखवून म्हटले, "फादर, नातीने हे दुबईहून आणले. जेवण आपोआप होते म्हणे. पण विलायती भांडे आणि विलायती गोळे, ह्यात आपले काय आहे?" सून हळूच म्हणाली, "मसाला आपलाच आहे, आई." आजीबाईंनी आमच्याकडे निवाड्यासाठी पाहिले. आशीर्वादाच्या घरी निवाडा करू नये, म्हणून आम्ही वेळ मागून घेतला. तो निवाडा ह्या पानांवर देत आहोत. प्रश्न केवळ एका घरचा नाही. आमचा ईस्ट इंडियन समाज जे खातो ते सारे पोर्तुगीजांनी दिलेले, असे बाहेरचे लोक म्हणतात आणि अलीकडे आपली मुलेही तेच म्हणू लागली आहेत.

प्रथम त्या भांड्याविषयी. त्याचा जन्म अमेरिकेत झाला हे खरे. अर्व्हिंग नाखुमसोन नावाच्या यहुदी संशोधकाने १९३६ साली त्याच्या हक्कपत्रासाठी अर्ज केला आणि १९४० साली ते त्यास मिळाले. पुढे त्याने आडनाव आखूड करून नॅक्सन केले. त्याची कंपनी १९७० साली रायव्हल ह्या दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि १९७१ साली तेच भांडे 'क्रॉकपॉट' ह्या नावाने बाजारात आणले. नोकरी करणाऱ्या स्त्रियांनी ते डोक्यावर घेतले. परंतु ही कल्पना नॅक्सनला कोठून सुचली? त्याची आई लिथुएनियातील व्हिल्ना शहराकडची. ती लहानपणच्या गोष्टी सांगे : शुक्रवारी सूर्य मावळण्यापूर्वी घरोघरची आया मांस, कडधान्य व कंद भरलेले मडके गावच्या बेकरीत नेऊन ठेवीत. भट्टी विझत आलेली असे, पण तिची ऊब रात्रभर पुरे. शब्बाथ दिवशी अग्नी पेटवू नये, अशी मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञा असल्याने शनिवारी ताजे शिजविण्याचा प्रश्नच नव्हता. त्या मडक्यातील अन्नास ते 'चोलंट' म्हणत. म्हणजे ज्यास आजीबाई विलायती यंत्र म्हणतात, ते मुळात एका आईची आठवण आणि देवाची एक आज्ञा ह्यांतून जन्मले आहे.

ह्या मडक्याची एक दुःखद कथाही आहे आणि आम्ही धर्मगुरू असल्यामुळेच ती येथे टाळणे बरे नव्हे. स्पेनमध्ये ज्या यहुद्यांना ख्रिस्ती करण्यात आले होते, त्यांच्यावर धर्मन्यायालयाची नजर असे. शुक्रवारी संध्याकाळी एखाद्या घरी असे मडके मंद आचेवर ठेवलेले आढळले, तर ते घर गुप्तपणे यहुदी धर्म पाळते असा पुरावा मानीत. तेथे त्या अन्नास 'अदाफिना' म्हणत. आपल्याकडेही गोव्याचे धर्मन्यायालय १५६० पासून होते आणि ते १८१२ साली कायमचे बंद झाले. त्याच्या १७३६ च्या फर्मानात इतर अनेक रीतींबरोबर हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजविण्यासही ख्रिस्ती लोकांना मनाई होती. भाताच्या मिठात श्रद्धा शोधणारे ते दिवस. त्यानंतर तीनच वर्षांनी, १७३९ च्या मे महिन्यात, चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि साष्टीवरचे पोर्तुगीज राज्य संपले. (साष्टी म्हणजे आपली, ठाणे-वांद्रे-दहिसरची. गोव्यातील त्याच नावाच्या तालुक्याशी तिची गल्लत अनेक जाणते लेखकही करतात.)

शब्बाथ पाळणारे लोक आपल्या कोकण किनाऱ्यावर फार पूर्वीपासून होते, हेही विसरू नये. अलिबागजवळच्या गावांतून तेल गाळण्याचा धंदा करणारे बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांची मातृभाषा मराठीच.

आता आमच्याकडची गोष्ट. जुन्या मातीच्या चुलीला मुख्य जाळाच्या शेजारी आणखी एक तोंड असे. मोठ्या भांड्याखालची धग वळून त्या तोंडाशी येई. त्यास वैल म्हणतात. चुलीवर भात चढला की कालवणाचे मडके वैलावर सरकवीत. तेथे ते करपत नसे, उतू जात नसे आणि त्याकडे कोणी पाहावे लागत नसे. हल्लीच्या मुलांना 'वैल' हा शब्द शब्दकोशात शोधावा लागतो. गॅसच्या शेगडीला चार तोंडे असली तरी त्यांत वैल एकही नाही.

रविवारी ह्या वैलाचे काम विशेष असे. आज कम्युनियन घेण्यापूर्वी एक तासाचा उपवास आपण पाळतो, तोही कित्येकांच्या लक्षात राहत नाही. पूर्वी कम्युनियन घेणाऱ्याने मध्यरात्रीपासून अन्न तर नाहीच, पाण्याचा थेंबही घ्यावयाचा नसे. पोप बारावे पायस ह्यांनी १९५३ साली पाण्याची मुभा दिली आणि १९५७ साली उपवास तीन तासांवर आणला. १९६४ साली पोप सहावे पॉल ह्यांनी तो एक तासाचा केला. तेव्हा त्यापूर्वीच्या रविवारी घरातील लहानथोर उपाशीपोटी पायी देवळात जात आणि ऊन वर आल्यावर परतत. परत येऊन चूल पेटविण्याइतका धीर कोणास असणार? आमच्या धर्मग्रामातील वृद्ध माणसे सांगतात की, पहाटे मडके वैलावर ठेवून, निखाऱ्यांवर राख ओढून, दाराला कडी लावून सारे घर मिस्सेला जाई. आल्यावर झाकण काढले की जेवण तयार. व्हिल्नाच्या आईने शब्बाथसाठी जे केले, तेच दहिसरच्या आईने प्रभूच्या दिवसासाठी केले. एकीने दुसरीचे पाहून केले नाही. दोघींना उपासनेसाठी स्वयंपाकातून हात मोकळे हवे होते, एवढेच. आम्हांस ह्या साऱ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

मंद आचेची विद्या ह्या किनाऱ्यावर इतरांपाशीही आहे. रायगडात हिवाळ्यात वालाच्या शेंगांची पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून ते उपडे करतात आणि भोवती जाळ घालतात. उत्तरेस पालघरकडे उकडहंडी आहे. बंगालमध्ये इंदुमाधव मल्लिक ह्यांनी १९१० साली इकमिक कुकर काढला. तळाशी थोडा कोळसा आणि वर डबे रचलेले. तो लावून कामास जावे आणि येऊन जेवावे. मग १९५९ साली हॉकिन्सचा प्रेशर कुकर आपल्या देशात आला आणि शिट्टीने सारे जिंकले. आम्ही शिट्टीचे वैरी नाही. धर्मग्रामाच्या निवासातील आमचे वरण तिच्यावरच शिजते.

गोळ्यांविषयी बोलावयाचे तर त्यांना विलायती म्हणणे अधिकच कठीण. पोर्तुगीज लोक त्यांना 'आल्मोंदेगा' म्हणतात आणि हा शब्द गोव्याच्या स्वयंपाकघरांतही रुळला. परंतु तो शब्द मुळात पोर्तुगीजांचा नाही, अरबी आहे. 'अल-बुंदुका' म्हणजे हेझलनट नावाचे कवचीचे फळ, आणि त्यावरून लहान गोळी. मूर लोकांनी तो इबेरियात नेला. आपण ज्यास कोफ्ता म्हणतो त्याचे मूळ फारसी, 'कुटणे' ह्या अर्थाचे. खिमा हा तुर्की वळणाचा शब्द. शिवाय आपल्या भूमीत कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याने १२ व्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला, त्यात बारीक कुटलेल्या मांसाचे मसालेदार प्रकार आहेत. पोकळ केलेल्या वांग्यात ते भरून तळावे, असेही त्यात आहे. वास्को द गामा कालिकतला १४९८ साली उतरला, त्याआधी साडेतीन शतके!

पोर्तुगीजांनी काही दिले नाही असे मात्र म्हणवणार नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन धर्मगुरू आंतोनियो दो पोर्तो ह्यांनी आपल्या शेजारच्या मंडपेश्वर लेण्यांत प्रार्थनामंदिर केले व तेथे मठ उभा राहिला. त्या काळापासून ह्या परिसरात पाव, बटाटा, मिरची आणि शिर्का ह्यांनी हळूहळू घर केले. गोळा बांधण्यासाठी आपण भिजवून पिळलेला पाव घालतो. 'पाव' हा शब्द पोर्तुगीज, 'बटाटा' हाही त्यांच्याच तोंडून आलेला, आणि मिरची त्यांच्या गलबतांतून आलेली अमेरिकेची कन्या. एवढे ऋण मान्य करून पुढे जावे.

कालवणास आपले करतो तो बाटली मसाला. एप्रिल-मे महिन्यांत मिरच्या, धणे, हळद उन्हात खडखडीत वाळवून, वीस-पंचवीस जिन्नस एकेक करून भाजून, लाकडी उखळीत मुसळाने कुटून, तो गडद रंगाच्या बियरच्या बाटल्यांत ठासून भरीत. उजेड लागला की रंग व वास उडतो, म्हणून गडद बाटली. तीळ, खसखस, गहू आणि चण्याची डाळही त्यात असते, त्यामुळे कालवणाला वेगळे वाटण न घालताही दाटपणा येतो. घराघराचे प्रमाण निराळे आणि ते सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. हेच आम्हांस खटकते. आजीबाईंचे प्रमाण सुनेला ठाऊक आहे, नातीला नाही.

खिम्याच्या मांसाविषयीही चार शब्द लिहिणे भाग आहे. आमच्या पुष्कळ घरांतून हे गोळे बैलाच्या मांसाचे होत, कारण ते स्वस्त होते आणि गरिबाच्या घरी सणाला तेच परवडे. महाराष्ट्रात गोहत्येस बंदी १९७६ च्या कायद्याने होतीच. मार्च २०१५ पासून बैल व वळू ह्यांच्या हत्येसही बंदी झाली. उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये ही बंदी कायम ठेवली, मात्र परराज्यातील मांस बाळगणे गुन्हा ठरविणारे कलम रद्द केले. म्हशीचे मांस बंदीबाहेर आहे. कायदा आपण पाळतो. परंतु एका समाजाच्या सणाच्या ताटातील पदार्थ त्यास न विचारता बदलला गेला, ही नोंद इतिहास लिहिणाऱ्याने करावयास हवी. आज त्या घरी गोळे बकऱ्याच्या खिम्याचे होते, आणि म्हणूनच ते महिन्यातून एकदाच होतात.

सुनेला आम्ही कृती विचारली. अर्धा किलो खिमा, दोन पावांचा भिजवून पिळलेला गर, एक अंडे, बारीक कांदा, आले-लसूण, कोथिंबीर, मीठ आणि चमचाभर बाटली मसाला मळून लिंबाएवढे गोळे करावयाचे. ते रात्रीच तेलात सर्व बाजूंनी तांबूस करून, आतपर्यंत शिजवून, थंड करून शीतकपाटात ठेवावयाचे. हा भाग टाळू नये. अखंड मांसात दूषित जंतू बहुधा पृष्ठभागावर असतात, खिम्यात ते आतवर मिसळलेले असतात, आणि हे भांडे फार सावकाश तापते. कच्चा खिमा तासन् तास कोमट राहणे धोक्याचे. (असाच इशारा राजम्याविषयी : तो आधी भिजवून दहा मिनिटे खळखळून उकळल्यावाचून ह्या भांड्यात कधीच घालू नये, त्यातील विष मंद आचेने जात नाही.) सकाळी तळाशी बटाट्याच्या फोडी, कारण येथे मांसापेक्षा कंद उशिरा शिजतात. वर परतलेला कांदा, टोमॅटो, मसाला, मग गोळे. पाणी अगदी बेताचे, झाकणाखालून वाफ फारशी जात नाही. मंद खुणेवर सात-आठ तास. नारळाचे दूध आणि शिर्का जेवणाच्या थोडे आधी, नाहीतर दूध फाटते.

खरे पाहता खिम्याला इतका वेळ लागत नाही. अखंड मांसातील चिवट तंतू विरघळण्यास तास लागतात, खिम्याचे काम अर्ध्या तासात होते. हा वेळ गोळ्यांसाठी नसून गाडीसाठी आहे. दहिसर १९५७ साली मुंबईच्या महापालिकेत आले. तोपर्यंत शेत, मिठागर व खाडी ही कामाची ठिकाणे घरापासून हाकेच्या अंतरावर होती. आता घरातील तीन माणसे तीन वेळांना परततात. एकत्र जपमाळ आणि एकत्र जेवण, दोन्ही ह्या वेळापत्रकाने खाल्ले. त्या घरी मात्र ज्या दिवशी हे भांडे लागते, त्या दिवशी साडेआठला सारे बसतात, कारण संध्याकाळी ओट्याशी उभे राहावयाचे कोणासच नसते. आधी जपमाळ होते, मग झाकण उघडते.

एक सावधगिरी. टोरंटोहून एका नातलगाने असेच भांडे आधी पाठविले होते. तेथील वीज १२० व्होल्टची, आपली २३०. खटका दाबताच ते जळाले. दुबईचे चालले.

हा मजकूर छापण्यास देण्यापूर्वी आम्ही आजीबाईंना वाचून दाखविला. व्हिल्नाच्या मडक्याची गोष्ट त्यांनी दोनदा वाचावयास लावली. बाकीच्या इतिहासावर त्या काही बोलल्या नाहीत. सुनेला मात्र हाक मारून त्यांनी सांगितले की, पुढच्या वेळी गोळे आणखी थोडे तांबूस करावेत, आणि शिर्का घालताना आपल्याला बोलवावे.