पॉवर सीटमधील विद्युतदोष : निदान

मोटारीतले जे आसन तरफेऐवजी बटण दाबून पुढे-मागे, वर-खाली किंवा तिरपे करता येते, त्याला पॉवर सीट म्हणतात. प्रत्येक हालचालीमागे आसनाखाली १२ व्होल्टवर चालणारी एक छोटी डीसी मोटर असते. एक मोटर दोन दिशांना फिरते, म्हणून ‘सिक्स-वे’ सीटला तीन आणि ‘एट-वे’ सीटला चार मोटरी लागतात. सीट बंद पडली की खापर बहुधा मोटरीवर फुटते आणि सगळ्यात महाग भाग सगळ्यात आधी बदलला जातो. पण अनेकदा दोष असतो तो मोटरीपर्यंत करंट नेणाऱ्या वाटेवर, म्हणजे फ्यूज, कपलर (वायरी जोडणारा प्लग), स्विच किंवा अर्थमध्ये. त्यामुळे निदान म्हणजे मुख्यतः ही वाट योग्य क्रमाने तपासणे.

प्रसार. फोर्डच्या १९५५ च्या थंडरबर्डमध्ये चार दिशांनी हलणारी पॉवर सीट होती. कॅडिलॅकच्या १९५७ च्या एल्डोराडो ब्रोहॅममध्ये बसणाऱ्याची आवडती स्थिती लक्षात ठेवणारी सीट आली. १९७९ च्या मर्सिडीज एस-क्लासने आसनाच्याच आकाराचा स्विच दारावर बसवला आणि तो पुढे अनेकांनी उचलला. भारतात ही सोय बराच काळ पुण्यात जुळणी होणाऱ्या मर्सिडीज किंवा तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात जुळणी होणारी स्कोडा सुपर्ब अशा महागड्या गाड्यांपुरती होती. चाकणला बनणाऱ्या महिंद्रा एक्सयूव्ही ५०० च्या वरच्या आवृत्तीत २०१५ साली, तर पुण्यात बनणाऱ्या टाटा हॅरिअरमध्ये २०२० साली चालकाची पॉवर सीट आली. २०२१ च्या एक्सयूव्ही ७०० मध्ये मेमरीही मिळाली. यांतल्या जुन्या गाड्या आता वॉरंटीबाहेर आहेत, म्हणून हे काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून गल्लीतल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे येऊ लागले आहे.

वायरिंग. साध्या, म्हणजे मेमरी नसलेल्या सीटमध्ये बॅटरीकडून मोठ्या फ्यूजमार्गे, बहुधा ३० अँपिअरच्या आसपासच्या, एक जाड वायर सीटच्या बाजूच्या स्विचपर्यंत येते आणि अर्थची वायर तिथून बॉडीला जाते. बऱ्याच गाड्यांत हा पुरवठा इग्निशन बंद असतानाही चालू असतो. सगळी गंमत स्विचमध्ये आहे. बटण सोडलेले असताना मोटरीची दोन्ही टोके स्विचमधूनच अर्थला लागलेली असतात. बटण पुढे ढकलले की एक टोक अर्थ सोडून पॉझिटिव्हला लागते आणि दुसरे अर्थवरच राहते. मागे ओढले की उलट. मोटर स्थायी चुंबकाची असल्याने करंट उलटला की तीही उलटी फिरते.

एवढे ध्यानात ठेवले तर मीटर हातात घेण्याआधीच अर्धे निदान होते. समजा, सीट पुढे जाते पण मागे येत नाही. पुढे जाताना मोटर, तिच्या दोन्ही वायरी, फ्यूज आणि मुख्य अर्थ हे सगळे काम करून दाखवतात. उरतो तो फक्त स्विच: एका टोकाचा अर्थकडचा किंवा दुसऱ्या टोकाचा पॉझिटिव्हकडचा संपर्क जळालेला असणार. अशा सीटला नवी मोटर बसवणे म्हणजे पैसे पाण्यात. (मेमरीच्या सीटला मात्र हा नियम जसाच्या तसा लागू नाही. तिथे मोटरी चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलला सीट टोकाला पोहोचल्याचा भ्रम झाला तरी एकच दिशा बंद पडते.) एकच हालचाल दोन्ही दिशांना मेली असेल आणि बाकीच्या शाबूत असतील, तर ती मोटर, तिच्या दोन वायरी किंवा त्या बटणाचा भाग संशयित ठरतो. सगळ्याच हालचाली एकदम गेल्या, तर मोटरींकडे बघायचेही कारण नाही. तीन मोटरी एकाच सकाळी जळत नाहीत. फ्यूज, सीटखालचा मुख्य कपलर किंवा अर्थ पाहावा.

कानही वापरावा. मोटर घुमते पण सीट जागची हलत नाही, तेव्हा दोष विजेचा नसून नायलॉनच्या गिअरचा किंवा फिरत्या केबलचा असतो. सीट थोडी चालून थांबते आणि पाच-दहा मिनिटांनी आपोआप पुन्हा चालते, तर आतला थर्मल ब्रेकर तापून तुटतो आहे, म्हणजे मोटर जास्त करंट ओढते आहे. त्याचे कारण पुष्कळदा रेलमध्ये अडकलेले नाणे, पेन्सिल, बाटलीचे झाकण किंवा छत्रीची काडी असते. टॉर्च घेऊन आधी खाली वाकून पाहणे हा या विषयातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टाळला जाणारा उपाय आहे. आणखी एक जुनी युक्ती: इंजिन बंद, दार उघडे, छतावरचा दिवा चालू ठेवून बटण दाबावे. दिवा किंचित मंदावला तर करंट वाहतो आहे, म्हणजे मोटर जाम आहे. काहीच फरक पडला नाही तर वाट कुठेतरी तुटलेली आहे. एलईडी दिव्यांच्या गाड्यांत ही युक्ती फारशी चालत नाही.

मापन. मीटरने १२ व्होल्ट दाखवले की ‘करंट येतोय, मोटर गेली’ असा निकाल देण्याची पद्धत आहे, आणि बहुतेक चुकीची निदाने तिथेच जन्मतात. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरीतली एकच तार शिल्लक असली किंवा पिनेवर हिरवा गंज चढलेला असला तरी तो निश्चिंतपणे १२.६ दाखवतो. मोटरीला मात्र चालताना काही अँपिअर लागतात आणि अडली की कितीतरी जास्त. अर्थच्या सांध्यात अर्धा ओहम रोध आला आणि मोटर ८ अँपिअर ओढत असली तर ४ व्होल्ट तिथेच गळतात. मोटरीला आठच उरतात. सीट रेंगाळते किंवा नुसती कुरकुरते.

म्हणून मोजमाप नेहमी कपलर जोडलेला ठेवून, बटण दाबलेले असताना, पिनेच्या मागच्या बाजूने करावे. मोटरीच्या दोन पिनांमध्ये पूर्ण व्होल्ट मिळाले आणि तरीही ती फिरली नाही, तरच दोष तिचा. तिच्या कवचावर हलकेच ठोकल्यावर ती चालू झाली तर ब्रश झिजलेले आहेत. व्होल्ट कमी पडले तर गळती कुठे आहे ते शोधायचे: मीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरे स्विचच्या पुरवठ्याच्या पिनेवर, मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरे स्विचच्या अर्थ पिनेवर. अर्थच्या बाजूला ०.२ आणि पुरवठ्याच्या बाजूला ०.५ व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर त्या वाटेवर दोष आहे. जुने इलेक्ट्रिशियन मीटरऐवजी हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब लावून पाहतात, आणि तो साडेचार अँपिअर ओढत असल्याने जाड वायरींसाठी ही रीत उत्तमच आहे. मॉड्यूलच्या बारीक सिग्नल वायरींना मात्र हा बल्ब लावू नये. मॉड्यूल जळू शकते.

पिवळा कपलर. पुढच्या सीटखाली पिवळ्या रंगाचा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा किंवा सीटबेल्ट आवळणाऱ्या प्रीटेन्शनरचा समजावा. त्याला मीटर, बल्ब काहीही लावायचे नाही. मीटरच्या ओहम मोडमधला अल्प करंटही तिथे नको. सीट सोडवण्यापूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह टोक काढून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे. कपलर सुटा असताना इग्निशन चालू केले तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि पुष्कळ गाड्यांत तो स्कॅनरशिवाय जात नाही.

इथे एक पेचही पडतो. सीटचे पुढचे बोल्ट ती मागे नेल्यावर दिसतात आणि मागचे पुढे नेल्यावर, पण सीट तर हलतच नाही. अशा वेळी मोटरीचा कपलर काढून तिच्या दोन जाड वायरींना फ्यूज लावलेल्या वायरीने थेट बॅटरी द्यावी आणि सीट हवी तिकडे न्यावी. मोटर चांगली आहे की नाही हेही त्यात कळते. कपलरमध्ये बारीक वायरीही असल्या तर त्या सेन्सरच्या असतात. त्यांना बॅटरी लावायची नाही.

पाणी, ऊन आणि उंदीर. रायपूरच्या चौबे कॉलोनीसारख्या वस्तीत या दोषांना स्थानिक वळण मिळते. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी माणसांची ये-जा आहे आणि रायपूरचे महाराष्ट्र मंडळ याच कॉलोनीत आहे. इथल्या घरांतून नागपूरला जाणे-येणे गाडीने सर्रास होते. जवळपास तीनशे किलोमीटरच्या त्या रस्त्यावर उंच मुलगा आणि ठेंगणे वडील आळीपाळीने गाडी चालवणार असतील, तर मागेच अडकलेली सीट गैरसोयीची तर असतेच, पण ब्रेकपर्यंत पाय पुरला नाही की धोक्याचीही ठरते.

मे महिन्यात रायपूरचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. उन्हात बंद उभ्या गाडीचे अंतरंग त्याहून कितीतरी तापते, रेलवरचे ग्रीस सुकते, त्यात धूळ बसून लगदा होतो आणि मोटरीवर भार येतो. याच दिवसांत एसी अखंड चालतो. त्याच्या पाण्याची नळी तुंबली तर पाणी बाहेर न पडता पुढच्या गालिच्याखाली झिरपते. पावसाळ्यात सनरूफच्या तुंबलेल्या नळ्या तेच करतात. वरून गालिचा कोरडा वाटतो, खालचा फोम मात्र आठवडेच्या आठवडे ओला राहतो, आणि सीटचा मुख्य कपलर नेमका तिथेच असतो. पिनांवर हिरवी-पांढरी भुकटी दिसली तर कपलर साफ करून भागत नाही. पाणी कुठून येते ते आधी बंद करावे, नाहीतर पुढच्या जुलैत तोच बिघाड पुन्हा उभा राहतो. घरासमोर दिवसेंदिवस उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर शिरून वायरी कुरतडतात, तो प्रकार वेगळाच. आणि सीट ठरावीक जागी असतानाच बंद पडत असेल, तर तिच्यासोबत वाकणारी वायर आतून तुटलेली असते: वरचे आवरण अखंड, आतले तांबे तुटलेले. सीट सावकाश सरकवत वायरींची जुडी हाताने हलवून पाहिली की ती जागा सापडते.

मेमरी सीट. इथे स्विच मोटरीला थेट करंट देत नाही. तो मॉड्यूलला नुसती विनंती करतो. मोटरीतला हॉल सेन्सर फेऱ्यांचे ठोके पाठवतो आणि त्यावरून मॉड्यूलला सीटची जागा कळते. ठोके आले नाहीत तर मोटर अडली असे समजून मॉड्यूल करंट तोडते. म्हणून बटण दाबल्यावर सीट जेमतेम बोटभर सरकून थांबते, सोडून दाबले की पुन्हा बोटभर, असे लक्षण दिसले तर मोटरीऐवजी सेन्सर आणि त्याच्या बारीक वायरी पाहाव्यात. इंजिनचे कोड वाचणारा स्वस्त स्कॅनर इथे बहुधा निरुपयोगी ठरतो. बॉडी मॉड्यूलशी बोलणारा लागतो. बॅटरी बदलल्यावर सीट जागा विसरली तर तो बिघाड नव्हे: पुष्कळ गाड्यांत प्रत्येक हालचाल दोन्ही टोकांपर्यंत नेऊन बटण काही क्षण दाबून धरले की मॉड्यूल टोके पुन्हा शिकते. नेमकी कृती गाडीगणिक बदलते आणि ती पुस्तिकेत दिलेली असते.

उलट प्रकारही होतो. गाडी बंद केल्यावर सीटचे मॉड्यूल झोपत नाही आणि रात्रभर करंट ओढत राहते. सकाळी बॅटरी उतरलेली, सीट मात्र ठणठणीत, त्यामुळे तिच्यावर कोणाचा संशय जात नाही. गाडी कुलूपबंद करून मॉड्यूल झोपायला पुरेसा वेळ दिल्यावर बॅटरीतून जाणारा करंट साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत यायला हवा. तो येत नसेल तर प्रत्येक फ्यूजवरचा सूक्ष्म व्होल्ट-फरक मोजत जावे. फ्यूज उपसून पाहिला की झोपलेली मॉड्यूल्स जागी होऊ शकतात, म्हणून फ्यूजना हात न लावता मोजणे बरे.