पंधराव्या वर्षीचं सुवर्ण : मॉस्कोच्या ख्रुस्ताल्नी रिंकची वाटचाल

जोडीच्या फिगर स्केटिंगमध्ये 1964 ते 2006 या काळात ऑलिंपिकचं सुवर्ण प्रत्येक वेळी सोव्हिएत किंवा रशियन जोडीने मिळवलं. 2002 मध्ये तेवढं ते कॅनडाच्या जोडीबरोबर विभागून द्यावं लागलं. महिलांच्या एकेरीत मात्र याच देशाची झोळी बरीच रिकामी होती. 1984 मध्ये किरा इवानोवाचं कांस्य, 2002 मध्ये इरिना स्लुत्स्कायाचं रौप्य, 2006 मध्ये तिचंच कांस्य, आणि 2010 च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये काहीच नाही. पुढच्या बारा वर्षांत रशियन मुलींनी एकेरीची सलग तीन ऑलिंपिक सुवर्णं जिंकली. पहिलं सुवर्ण सीएसकेए क्लबच्या अदेलिना सोत्निकोवाचं. नंतरची दोन्ही मॉस्कोच्या ख्रुस्ताल्नी रिंकवर एतेरी तुत्बेरीद्झे यांच्या हाताखाली घडलेल्या मुलींची.

या रिंकची वाटचाल पदकांच्या क्रमाने सहज सांगता येते. मला ती वेगळ्या क्रमाने सांगायची आहे. इथे आलेल्या प्रत्येक मुलीपुढे एका टप्प्यावर प्रश्न उभा राहिला : टिकायचं, प्रशिक्षक बदलायचा, की थांबायचं? हा प्रश्न बहुतेकींना विसाव्या वर्षाच्या आतच पडला. संस्थेचा खरा हिशेब त्यांच्या उत्तरांमधूनच लागतो.

पायाभरणी

ख्रुस्ताल्नी हे साम्बो-70 या मॉस्कोतल्या क्रीडासंस्थेचं फिगर स्केटिंग केंद्र. साम्बो हा रशियन कुस्तीचा प्रकार. मल्ल दाविद रुदमान यांनी 1970 मध्ये ही संस्था सुरू केली. फिगर स्केटिंगचं केंद्र तिच्यात पुढे आलं. तुत्बेरीद्झे स्वतः मोठ्या पदकांच्या मानकरी नव्हत्या. अमेरिकेत आइस शोमध्ये काम करून त्या मायदेशी परतल्या आणि मुलांना शिकवू लागल्या. सर्गेय दुदाकोव आणि पुढे नृत्यरचनाकार दानिल ग्लेखेनगाउझ त्यांना येऊन मिळाले. या तिघांनी मिळून जी पद्धत बसवली, तिने या खेळाचा चेहरा बदलला.

पद्धतीचं मूळ रशियातल्या सरकारी क्रीडाशाळांच्या जाळ्यात आहे. लहान शहरांतून हुशार मुली निवडल्या जातात आणि कुटुंबं त्यांच्यामागे आपलं बिऱ्हाड हलवतात. युलिया लिपनित्स्काया येकातेरिनबुर्गहून आईबरोबर मॉस्कोला आली. अलिना झागितोवा इझेव्स्कहून आली आणि आजीजवळ राहिली. अलेक्सान्द्रा त्रुसोवा र्‍याझानची, कमिला वालियेवा कझानची. घर सोडून आलेल्या मुलीला रिकाम्या हाताने परतणं फार अवघड असतं. तिच्या मेहनतीमागे जिद्द असतेच, पण घरच्यांनी तिच्यासाठी सोडलेल्या गोष्टींचं ओझंही असतं.

सोची : पहिलं यश, पहिली ताटातूट

जानेवारी 2014 मध्ये बुडापेस्टला पंधरा वर्षांची लिपनित्स्काया युरोपियन विजेती झाली. फेब्रुवारीत सोची ऑलिंपिकच्या सांघिक स्पर्धेत लाल पोशाखात, ‘शिंडलर्स लिस्ट’च्या संगीतावर तिने केलेलं स्केटिंग जगभर पाहिलं गेलं आणि रशियाला सांघिक सुवर्ण मिळालं. एकेरीत ती पाचवी आली.

नोव्हेंबर 2015 मध्ये तिने तुत्बेरीद्झेंना सोडलं आणि ती सोचीत अलेक्सेय उर्मानोव यांच्याकडे गेली. 2017 मध्ये एकोणिसाव्या वर्षी तिने निवृत्ती जाहीर केली. अ‍ॅनोरेक्सियावर उपचार घेतल्याचंही उघड झालं. भूक मारून वजन राखण्याच्या या आजाराबद्दल रशियन क्रीडाजगतात तोवर फार कमी बोललं जाई. तिने तो लपवला नाही, हे तिच्या पदकाइतकंच मोठं काम आहे असं मी मानतो. संस्थेने मात्र त्यातून लगेच धडा घेतल्याचं दिसत नाही, कारण तोपर्यंत दुसरी मुलगी शिखरावर पोहोचली होती.

एकाच छताखालच्या दोघी

येवगेनिया मेदवेदेवा 2016 आणि 2017 ची जागतिक विजेती. मिशेल क्वाननंतर जागतिक विजेतेपद राखणारी ती पहिलीच. नोव्हेंबर 2015 नंतर दोन वर्षांहून अधिक काळ तिला कुणी हरवू शकलं नाही. 2017 च्या शरद ऋतूत तिच्या पायाच्या हाडाला चीर गेली, आणि त्याच हंगामात तिच्याच रिंकवरची झागितोवा ज्येष्ठ गटात आली. जानेवारी 2018 मध्ये मॉस्कोत झालेल्या युरोपियन स्पर्धेत झागितोवाने मेदवेदेवाची विजयमालिका तोडली.

प्योंगचांग ऑलिंपिकला फ्री स्केटमध्ये, म्हणजे दुसऱ्या, लांब कार्यक्रमात दोघींना सारखेच गुण मिळाले : 156.65. निकाल ठरला आधीच्या छोट्या कार्यक्रमाच्या, म्हणजे शॉर्ट प्रोग्रामच्या फरकाने; एकूण गुण झागितोवा 239.57, मेदवेदेवा 238.26. झागितोवाने आपल्या सगळ्या उड्या कार्यक्रमाच्या उत्तरार्धात ठेवल्या होत्या, कारण दमलेल्या पायांनी मारलेल्या उडीला दहा टक्के जास्त गुण मिळत. नियमात बसणारी ही चतुर मांडणी होती. पुढच्याच हंगामापासून आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने तो लाभ मोजक्या शेवटच्या उड्यांपुरता मर्यादित केला.

अठरा वर्षांच्या मेदवेदेवाने त्यानंतर टोरोंटोला ब्रायन ऑर्सर यांच्याकडे जायचं ठरवलं. रशियात यावरून गहजब झाला. पहिल्या हंगामात निकाल घसरले. डिसेंबर 2018 च्या राष्ट्रीय स्पर्धेत ती सातवी आली आणि ऑलिंपिक विजेती झागितोवा पाचवी. पहिल्या तीन क्रमांकांवर होत्या आना श्चेर्बाकोवा, त्रुसोवा आणि अल्योना कोस्तोर्नाया. तिघींचंही वय ज्येष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेला पुरेसं नव्हतं. मार्च 2019 मध्ये सैतामाच्या जागतिक स्पर्धेत याच झागितोवाने सुवर्ण आणि मेदवेदेवाने कांस्य जिंकलं. जगात पहिली येणारी मुलगी स्वतःच्या देशात पाचवी होती. ख्रुस्ताल्नीतली स्पर्धा किती जीवघेणी झाली होती, हे एवढ्यावरून कळतं.

चार गिरक्यांचं युग

मार्च 2018 मध्ये सोफियाच्या जागतिक कनिष्ठ स्पर्धेत तेरा वर्षांच्या त्रुसोवाने एकाच कार्यक्रमात चार गिरक्यांच्या दोन उड्या मारल्या. ऑक्टोबरमध्ये येरेवानला तिने चौपट लुट्झ ही उडी यशस्वी केली. स्पर्धेत ती मारणारी ती पहिली महिला. या उडीत पाऊण सेकंदाहून कमी वेळात शरीर चार वेळा फिरवावं लागतं. हलकं, अरुंद शरीर जलद फिरतं. वयात येताना नितंब रुंदावतात, वजन वाढतं आणि तीच उडी हातातून निसटू लागते. पद्धतीची ताकद आणि तिची क्रूरता या एकाच शारीरिक सत्यात आहेत. मुलगी बाई होऊ लागली की तिचा खेळ संपत येतो, असं गृहीत धरून सगळी रचना उभी राहिली.

2019-20 च्या हंगामात कोस्तोर्नाया, श्चेर्बाकोवा आणि त्रुसोवा यांनी ग्रां प्रीच्या सहाही स्पर्धा आपसात वाटून घेतल्या. अंतिम स्पर्धेत झागितोवा सहावी, म्हणजे शेवटची आली. काही दिवसांतच, सतराव्या वर्षी, तिने स्पर्धात्मक खेळ थांबवत असल्याचं दूरचित्रवाणीवर सांगितलं आणि पुढे ती आइस शो व सूत्रसंचालनाकडे वळली. कारकीर्द संपली असं तिने म्हटलं नाही, पण ती परतलीही नाही.

मग जाण्या-येण्याचा काळ सुरू झाला. 2020 मध्ये त्रुसोवा आणि कोस्तोर्नाया येवगेनी प्लुशेंकोकडे गेल्या. मेदवेदेवा त्याच वर्षी टोरोंटोहून तुत्बेरीद्झेंकडे परतली. 2021 मध्ये त्रुसोवा आणि कोस्तोर्नायाही परत आल्या. या हालचालींना प्रसारमाध्यमांनी गद्दारी, रुसवे, समेट अशी नावं दिली. मला त्यात कामाचा निर्णय दिसतो. ज्या मुलींचं जेवण, झोप, संगीत, पोशाख सगळं दुसरे ठरवत होते, त्यांच्या हाती प्रशिक्षक बदलणं एवढीच एक निवड होती, आणि त्यांनी ती वापरली.

बीजिंग

फेब्रुवारी 2022 मध्ये ख्रुस्ताल्नीच्या तिघी बीजिंग ऑलिंपिकला उतरल्या. वालियेवाने सांघिक स्पर्धेत चार गिरक्यांची उडी मारली. ऑलिंपिकमध्ये असं करणारी ती पहिली महिला. दुसऱ्याच दिवशी कळलं की 25 डिसेंबर 2021 ला राष्ट्रीय स्पर्धेत घेतलेल्या तिच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडिन हे बंदी असलेलं हृदयरोगाचं औषध सापडलं आहे. ती पंधरा वर्षांची होती. क्रीडा लवादाने तिला खेळू दिलं; फ्री स्केटमध्ये ती पुन्हा पुन्हा पडली आणि चौथी आली. श्चेर्बाकोवा जिंकली, पण तिच्याभोवती कुणी जल्लोष करत नव्हतं. पाच चौपट उड्या मारूनही रौप्यावर राहिलेली त्रुसोवा या खेळाचा आपल्याला तिटकारा आला आहे, असं रडत सांगत होती. एकाच शाळेच्या तीन मुली, आणि तिघींनाही त्या रात्री आनंद मिळाला नाही.

जानेवारी 2024 मध्ये लवादाने वालियेवावर चार वर्षांची बंदी घातली. तिची मुदत 25 डिसेंबर 2025 ला संपणार होती. रशियाचं सांघिक सुवर्णही गेलं. शिक्षा झाली ती मुलीला. तिच्या भोवतीच्या प्रौढांची जबाबदारी त्या निकालाने ठरवली नाही, आणि ही उणीव मला सर्वांत जास्त बोचते.

नवे नियम, जुना प्रश्न

जून 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने ज्येष्ठ गटाची किमान वयोमर्यादा पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरावर नेली. युक्रेनवरील आक्रमणामुळे रशियन स्केटर मार्च 2022 पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांबाहेर होते, त्यामुळे हा बदल त्यांच्यावर काय परिणाम करतो ते लगेच दिसलं नाही. सप्टेंबर 2025 मध्ये बीजिंगच्या ऑलिंपिक पात्रता स्पर्धेत तुत्बेरीद्झेंची शिष्या आदेलिया पेत्रोस्यान तटस्थ खेळाडू म्हणून पहिली आली. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. झागितोवाने या वयाआधीच स्पर्धा थांबवली होती.

अधिक वयातही हा खेळ खेळता येतो, याचा पुरावा रशियातच होता. ग्लाझोवची येलिझावेता तुक्तामिशेवा सेंट पीटर्सबर्गला अलेक्सेय मिशिन यांच्याकडे शिकली, 2015 मध्ये जागतिक विजेती झाली आणि 2021 मध्ये चोविसाव्या वर्षी जागतिक रौप्य घेऊन आली. ऑलिंपिकला मात्र तिची निवड कधीच झाली नाही. कोस्तोर्नायाने एकेरी सोडून गेओर्गी कुनित्साबरोबर जोडीत खेळायला सुरुवात केली. हेही एक उत्तर आहे, आणि शहाणं उत्तर आहे.

ख्रुस्ताल्नीने महिलांच्या स्केटिंगला उड्यांची नवी उंची दिली, हे कुणी नाकारू नये. तुत्बेरीद्झेंची शिकवण्याची प्रतिभा खरी आहे आणि मुलींचं धाडस त्याहून खरं. पण शाळेचं मोठेपण तिच्या मुलींना पुढे किती वाटा मोकळ्या राहतात यावर मोजायला हवं. विसाव्या वर्षी तीच मुलगी त्याच रिंकवर, बदललेल्या शरीरासह, आपल्या मर्जीने सराव करत असेल, आणि तिचे प्रशिक्षक तिच्यासाठी नवा कार्यक्रम बसवत असतील, तर या संस्थेची पुढची वाटचाल मागच्यापेक्षा मोठी ठरेल. ते घडवायची जबाबदारी मुलींची नाही, शाळेची आहे.