धरून ठेवणारी माती

पश्चिम नागपुरात ज्यांनी घर बांधलंय त्यांना काळ्या मातीचा स्वभाव वेगळा सांगायला नको. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते आणि आपल्या भिंतींना तडे जातात. या फुगण्याचं कारण मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज. बेसॉल्टचा खडक झिजून ते तयार होतं. पापुद्र्यांवर पापुद्रे, प्रत्येक सुमारे एक नॅनोमीटर जाडीचा, आणि त्यावर ऋण विद्युतभार. एका ग्रॅमचे सगळे पापुद्रे पसरले तर पृष्ठभाग ७०० चौरस मीटरच्या पुढे जातो. पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरतं, क्षार शिरतात, तसं औषधही शिरतं.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. वैशेषिकांनी पृथ्वीचा विशेष गुण गंध सांगितला. पण धरून ठेवणं हा एकट्या मातीचा गुण म्हणता येईल का? काय धरायचं आहे, त्यावरही ते ठरतं. आजचा सगळा घोळ इथेच आहे.

आपल्या शेजारच्या सेवाग्रामात १९३६ पासून गांधीजी राहिले. मातीच्या पट्ट्यांवर त्यांचा विश्वास दक्षिण आफ्रिकेपासूनचा. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, कैदेत असताना, त्यांनी आरोग्यावर एक लहान पुस्तक लिहिलं. त्यात मातीबद्दल बारीक सूचना आहेत: खत घातलेली नको, चाळून घ्यावी, शंका असेल तर तापवून घ्यावी. तिथेच २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. त्यांच्यासाठी कलकत्त्याहून विमानानं पेनिसिलीन आलं होतं. देवदासभाईंची फार इच्छा होती. पण आईला या अवस्थेत सुया टोचू नयेत, अशी गांधीजींनी त्यांची समजूत घातली. एकीकडे माती, दुसरीकडे जंतुनाशक औषध, अशी ही दोन टोकं आपल्या मनात तेव्हापासून बसली असावीत.

प्रयोगशाळेत मात्र ती दोन्ही एकत्र आली. अमेरिकेत पिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या सुमारास मातीत मिसळलेल्या प्रतिजैविकांचं काय होतं ते तपासलं. स्ट्रेप्टोमायसिनवर धन भार. मॉन्टमोरिलोनाइटनं ते असं धरलं की सोडेचना, आणि त्याचा जंतूंवरचा परिणामही गेला. आता गंमत बघा, हे औषध सापडलं होतं मातीतल्याच सूक्ष्मजीवात! पेनिसिलीनचं उलट: ते जवळजवळ चिकटलंच नाही, कारण भार दोघांवरही ऋणच. ऑरिओमायसिनसारखी औषधं मधली निघाली. मातीनं ती धरली आणि काही प्रमाणात सोडलीही.

ही मधली जात महत्त्वाची. टेट्रासायक्लिनच्या कुळातल्या औषधाचा भार आम्लतेप्रमाणे बदलतो. आम्ल द्रावणात ते पापुद्र्यांत शिरतं. आम्लता कमी झाली, किंवा आजूबाजूच्या क्षारांनी त्याची जागा घेतली, की हळूहळू बाहेर पडतं. औषध एकदम न देता थोडं थोडं द्यायचं असेल तर असा वाहक हवा. पण वाहकानं औषध सोडलंच नाही तर? साठच्या दशकात दिसलं की जुलाबावरचं केओलिन-पेक्टिन बरोबर घेतलं तर लिंकोमायसिनचं शोषण सुमारे नव्वद टक्क्यांनी घटतं. केओलिन हीसुद्धा मातीच. रोग्यानं दोन्ही औषधं घेतली, पैसे दिले, आणि एक औषध दुसऱ्यानं अडवून ठेवलं.

म्हणून माती औषधी आहे का, या प्रश्नाला मी हल्ली उत्तर देत नाही. कोणती माती, कोणतं औषध, कुठे आणि किती वेळात सुटणार, हे आधी सांगा म्हणतो.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली: लहानपणी आजी जखमेवर वावरातली माती दाबायची, ते बरोबर होतं का? नाही, ताई. आमच्याही घरी दाबायचे. आम्ही वाचलो एवढंच. शेणखताच्या जमिनीत धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू असतात. चुलीवर माती गरम केली तर ते मरतीलच असं नाही. संशोधक माती घेतात तेव्हा आधी ती शुद्ध करतात आणि निर्जंतुक करून घेतात. त्यासाठी दाबाखालची वाफ वापरायची तर १२१ अंश सेल्सिअस लागतं. गांधीजींनी तापवायला सांगितलं ते योग्य दिशेनं होतं, पण स्वयंपाकघरात तेवढं तापमान नेमकं राखता येत नाही. जखम साबण-पाण्यानं धुवा आणि धनुर्वाताची सुई घ्यायला जा.