नोकरीचं कार्ड आणि तपासणीचा कागद



मला जुन्या जवानांचे फोन येतात ते बहुतेक दोन प्रकारचे असतात. चाळिशीच्या आसपासचा असेल तर विचारतो, "साहेब, कुठं काम आहे का?" साठीच्या पुढचा असेल तर विचारतो, "साहेब, ती फुल बॉडी तपासणी करून घेऊ का?" आज हे दोन्ही प्रश्न मी एकत्र घेणार आहे. त्यांचा इतिहास एकत्र आहे आणि त्यातली गोम कळली, की आपली माणसं रक्तदाब मोजायला का घाबरतात तेही कळतं.

सुरुवात १९४५ पासून करू. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा हिंदुस्थानच्या सैन्यात साधारण २ लाख माणसं होती. युद्ध संपलं तेव्हा हा आकडा २५ लाखांच्या घरात होता आणि ही सगळी भरती स्वेच्छेची होती. खेड्यातला, कधी रेल्वेतही न बसलेला पोरगा ट्रक चालवायला शिकला, वायरलेस शिकला, इंजिन खोलून पुन्हा बसवायला शिकला, बर्मा आणि इटली पाहून आला. मग ऑगस्ट १९४५ मध्ये युद्ध थांबलं आणि या लाखो माणसांना घरी पाठवायची वेळ आली. दारूगोळ्याच्या आणि कापडाच्या कारखान्यांतले कामगारही त्याच सुमारास रिकामे झाले. मी राहतो त्या जबलपूरला तोफगाड्यांचा कारखाना १९०४ पासूनचा. युद्धाची मागणी वाढली की अशा गावांची भरभराट होते, आणि तह झाला की पहिली झळही त्यांनाच बसते.

सरकारला हे संकट आधीच दिसलं होतं. जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन आणि रोजगाराचं एक संचालनालय उभं राहिलं आणि त्याच्या हाताखाली ठिकठिकाणी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज उघडली. आपल्यापैकी अनेकांनी मॅट्रिक झाल्या झाल्या ज्या खिडकीवर नाव नोंदवलं, ते कार्ड जपून ठेवलं आणि नूतनीकरणाची तारीख चुकली म्हणून वडिलांची बोलणी खाल्ली, ती कचेरी मुळात सुटलेल्या सैनिकांसाठी आणि युद्धकामगारांसाठी जन्माला आली होती. फाळणीनंतर निर्वासितांची नावं त्याच वह्यांत चढली. १९४८ मध्ये ती सर्वांना खुली झाली. १९५६ मध्ये तिचा रोजचा कारभार राज्यांकडे गेला. १९५९ मध्ये कायदा आला, की ठरावीक आस्थापनांनी रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवल्याच पाहिजेत. कळवायचं बंधन होतं, तिथूनच माणूस घ्यायचं बंधन नव्हतं. त्या एका फटीतून किती पिढ्या वाट पाहत राहिल्या, ते मी सांगायला नको.

सुटकेची आणि पोटाची ही काळजी किती खोल होती ते फेब्रुवारी १९४६ मध्ये दिसलं. १८ तारखेला मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या तळावर खलाशांनी संप केला. आपण तो बंड म्हणून शिकतो, आणि ते होतंच. पण त्यांच्या मागण्यांची यादी पाहा. आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची मुक्तता तीत आहे, निकृष्ट जेवण आहे, गोऱ्या अधिकाऱ्यांची वागणूक आहे, आणि लवकर सुटका व नंतरच्या रोजीरोटीची सोयही आहे. त्याच महिन्याच्या अखेरीस इथे जबलपूरला सिग्नलच्या प्रशिक्षण केंद्रातले जवान बाहेर पडले. माणूस देशासाठी पेटून उठतो तेव्हाही पुढच्या महिन्याच्या मनिऑर्डरचा हिशोब त्याच्या डोक्यात असतो. यात त्याचं काही उणं होत नाही.

आता दुसऱ्या कागदाकडे वळू, म्हणजे तपासणीच्या.

धडधाकट माणसाला रांगेत उभं करून तपासण्याची पद्धत कुणी सुरू केली? ज्यांना अंगमेहनतीची माणसं हवी होती त्यांनी. कलकत्त्याच्या डेपोत गिरमिटिया मजुरांना जहाजावर चढवण्याआधी डॉक्टर पाहत असे, कारण आजारी मजूर म्हणजे मळेवाल्याचं नुकसान. विमा कंपन्यांनी तपासणी सुरू केली, कारण लवकर मरणारा ग्राहक परवडत नाही. आणि फौजेने केली, कारण क्षयाचा एक रोगी अख्खी बराक आडवी करतो. १९३६ मध्ये ब्राझीलच्या मान्युएल दे अब्रेऊ यांनी छातीच्या क्ष-किरण चित्राचा छोट्या फिल्मवर स्वस्तात फोटो काढायची युक्ती शोधली आणि पुढे महायुद्धात ती रंगरुटांच्या तपासणीला कामी आली. यातून माणसांचं भलं झालं, हे मी मान्य करतो. पण कागद कुणाच्या हातात पडत होता? घेणाऱ्याच्या. 'फिट' किंवा 'अनफिट' हा शिक्का तपासलेल्या माणसासाठी नव्हताच.

आपल्या फौजेतही तेच. आपली मेडिकल कॅटेगरी 'शेप' या पाच अक्षरांत बसते: मन, कान, हातपाय, एकूण शारीरिक क्षमता आणि डोळे. सगळीकडे एक असेल तर शेप-वन. कुठे दोन किंवा तीन लागला, की माणूस लो मेडिकल. मग कोर्स अडतो, बढती अडते, उंचावरची पोस्टिंग अडते. ही व्यवस्था मी वाईट म्हणणार नाही. सियाचीनला हृदयाचा रोगी पाठवणं हा गुन्हा ठरेल. पण तिचा एक परिणाम प्रत्येक कंपनी कमांडरने पाहिलेला आहे. गुडघा सुजला तर जवान बाम चोळतो, एमआय रूमला जात नाही. वीस वर्षं त्याच्या मनावर हेच कोरलं जातं, की डॉक्टरला सापडलं तर आपलं नुकसान.

असा माणूस अडतिसाव्या-चाळिसाव्या वर्षी घरी येतो. दरवर्षी तिन्ही दलांतून साधारण ६० हजार जण बाहेर पडतात आणि त्यातले बरेचसे याच वयाचे. मुलगी दहावीला, घराचे हप्ते चालू, आणि पेन्शनमध्ये हे सगळं बसत नाही. केंद्राच्या गट 'क' मध्ये १० टक्के आणि पूर्वीच्या गट 'ड' मध्ये २० टक्के जागा माजी सैनिकांसाठी राखीव, असं कागदावर आहे. प्रत्यक्षात बहुतेकांच्या अंगावर चढतो तो सिक्युरिटी गार्डचा निळा शर्ट. २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्यात माजी सैनिकाला प्राधान्य देता येईल असं म्हटलं आहे आणि गार्डचं वय १८ पूर्ण ते ६५ च्या आत असावं, असंही. आता पुढचं नीट ऐका. २००६ च्या आदर्श नियमांप्रमाणे उंची १६० सेंटिमीटर, छाती ८० आणि फुगवून ४ जास्त. शिवाय दर १२ महिन्यांनी वैद्यकीय तपासणी, आणि ती कशासाठी? भरतीच्या वेळचं मान टिकून आहे का ते पाहण्यासाठी. म्हणजे ६० वर्षांच्या माणसाची वार्षिक तपासणी त्याच्या आरोग्यासाठी होतच नाही. ती होते त्याची नोकरी राहील की जाईल हे ठरवण्यासाठी. काम मुबलक असतं तर हे चाललं असतं. पण बाहेर त्याच शर्टासाठी दहा जण उभे असतात.

माझ्या पलटणीतला एक हवालदार आता एका मोठ्या शहराच्या कडेला रात्रपाळी करतो. वय ६१. तपासणीच्या आदल्या आठवड्यात तो मीठ सोडायचा आणि त्या सकाळी बायकोच्या रक्तदाबाच्या दोन गोळ्या एकदम घ्यायचा. आकडा उतरायचा, कागदावर सही व्हायची. एका वर्षी त्याच दुपारी जिन्यात त्याला भोवळ आली आणि कपाळाला सहा टाके पडले. मी फोनवर त्याला ईसीएचएसच्या पॉलीक्लिनिकला जायला सांगितलं. त्याने विचारलं, "साहेब, तिथला कागद एजन्सीकडे जातो का?"

नाही, जात नाही. पण हा प्रश्न त्याला पडतो, हा त्याचा भित्रेपणा नाही. या माणसाने बर्फात पंधरा-पंधरा तास पहारा दिलेला आहे. आतापर्यंतचा त्याचा प्रत्येक वैद्यकीय कागद दुसऱ्या कुणाकडे तरी गेलेला होता, एवढंच.

ईसीएचएस सुरू झालं १ एप्रिल २००३ ला. नागरी केंद्रीय कर्मचाऱ्यांना सीजीएचएस दिल्लीत १९५४ मध्येच मिळालं होतं. आम्हाला जवळपास पन्नास वर्षं जास्त लागली. तोवर पेन्शनर जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलात जाई, जागा आणि औषध असेल तर मिळे. म्हातारपणाची तपासणी तेव्हा कुणाच्या डोक्यातच नव्हती, आणि त्याला कारणही होतं. १९५१ च्या सुमारास आपल्याकडे जन्माच्या वेळचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. केंद्र सरकारी निवृत्तीचं वय १९६२ पर्यंत ५५ होतं, मग ५८ झालं, १९९८ मध्ये ६० झालं. आज आपण सत्तरीच्या आसपास आलो आहोत. माणसं म्हातारी होऊ लागली, पण तपासणीची सवय भरतीच्या मैदानावरच राहिली. फौजेत नावं पुकारून फॉलइन करून आपल्याला नेत असत. पॉलीक्लिनिकला स्वतःहून जावं लागतं, आणि ते आपल्याला कुणी शिकवलेलं नाही.

याच्या उलट टोकाला पॅकेजवाले आहेत. वर्तमानपत्राची अर्धी पानं, ऐंशी चाचण्या, ज्येष्ठांना सवलत. १९६८ मध्ये विल्सन आणि युंगनर या दोघांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी चाळणी-तपासणीचे निकष लिहिले, ते आजही जुने झालेले नाहीत. रोग महत्त्वाचा हवा, सुरुवातीला ओळखता यायला हवा, आणि सापडला तर त्यावर मान्य उपचार हवा. पुरुषांच्या प्रोस्टेटच्या पीएसए चाचणीचंच पाहा. सत्तरी ओलांडलेल्यांनी, काही तक्रार नसताना, केवळ चाळणी म्हणून ती करू नये, असा अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीचा २०१८ चा सल्ला आहे. कारण सावकाश वाढणारी, कधीच त्रास न देणारी गाठ सापडते आणि उपचारच माणसाला छळतो. पॅकेजात मात्र ती चाचणी हमखास असते.

आणि जी तपासणी खरोखर जीव वाचवते ती किती साधी असू शकते? केरळात तिरुवनंतपुरमजवळ एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. शिकवलेल्या आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन लोकांचं तोंड उजेडात उघडून पाहिलं, बस्स. तंबाखू किंवा दारूचं सेवन करणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. फौजेत तंबाखू मळण्याची सवय किती आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. आज सरकारी आरोग्य केंद्रात तिशीच्या पुढच्यांसाठी रक्तदाब, साखर आणि तोंडाची तपासणी, शिवाय बायकांसाठी स्तनाची आणि गर्भाशयमुखाची, हा कार्यक्रम आहे. सौभाग्यवतींनाही सोबत न्या. त्या आपल्यापेक्षा जास्त लपवतात.

माझं म्हणणं सरळ आहे. गार्डला नोकरीसाठी तपासायचंच असेल तर त्याला दिसतं का, ऐकू येतं का, तो जिना चढतो का, एवढं पाहा आणि तेवढंच एजन्सीला कळवा. साखर किती, दाब किती, तोंडात काय दिसलं, हे त्याच्या हातात द्या. औषधाने ताब्यात असलेला रक्तदाब हा काम काढून घेण्याचा मुद्दा होऊ नये. उलट तो लपवला जातो तेव्हाच रात्रपाळीत माणूस कोसळतो. जिल्हा सैनिक बोर्डाच्या बैठकीत मी हे दोनदा मांडलं आहे. दोन्ही वेळा माना डोलल्या. तिसऱ्यांदा मांडणार आहे. अग्निपथ योजनेतले तरुण चार वर्षांनी बाहेर येणार, त्यांतले जास्तीत जास्त २५ टक्के फौजेत राहणार. बाकीचे याच रांगेत येतील, फक्त वय पंचविशीच्या आसपास असेल.

हवालदाराचं पुढं काय झालं ते सांगतो. "गावी जत्रा आहे" म्हणून त्याने चार दिवसांची सुट्टी काढली आणि पॉलीक्लिनिकला गेला. रक्तदाब बराच वाढलेला होता, साखर काठावर. गालाच्या आतल्या बाजूला एक पांढरा चट्टा निघाला, तिथेच तो वर्षानुवर्षं तंबाखूची गोळी ठेवत असे. तुकडा काढून तपासला, कर्करोग नव्हता, पण त्या वाटेवर होता. चट्टा काढला. आता तो स्वतःच्या नावाच्या गोळ्या घेतो, रोज एक. तंबाखू सुटली असं तो म्हणतो. बायको म्हणते, "नुसतं सांगतात." यंदाच्या एजन्सीच्या तपासणीत आकडा गोळीच्या जोरावरच, पण सरळ मार्गाने, बसला. दर तीन महिन्यांनी पुन्हा तोंड दाखवायला बोलावलंय, आणि त्या गावची जत्रा आता वर्षातून चार वेळा भरते.

जे ईसीएचएसमध्ये आहेत त्यांनी कार्ड आणि जुने कागद घेऊन जवळच्या पॉलीक्लिनिकला जा, सकाळी लवकर, आणि तोंडही पाहा असं स्वतः सांगा. सांगितल्याशिवाय पाहिलं जाईलच असं नाही. पुढच्या भागात जबलपूरच्या सिग्नल केंद्रातल्या १९४६ च्या त्या दिवसांबद्दल सविस्तर बोलू. जय हिंद.